बॉयकॉट नावाचा कॅप्टन

क्रिकेटच्या जुन्या चाहत्यांना बॉयकॉट म्हटलं की जेफ्री आठवतो, खेळपट्टी सोडायला तयार नसणारा यॉर्कशरचा सलामीवीर. १९८२ साली तो दक्षिण आफ्रिकेत खेळायला गेला, तेव्हा वर्णभेदामुळे क्रीडाविश्वाने त्या देशावर बॉयकॉट घातलेला होता. आपल्याच आडनावाशी एवढी गद्दारी क्वचितच कुणी केली असेल! शब्द मात्र त्याच्या शंभर वर्षं आधीचा, आणि तो एका कारभाऱ्यावरून आला.

कॅप्टन चार्ल्स कनिंगहॅम बॉयकॉट हा इंग्रज १८८० मध्ये आयर्लंडच्या मेयो परगण्यात लॉर्ड अर्न या जमीनदाराचा कारभार पाहत होता. पिकं बुडाली होती. कुळांनी खंडात २५ टक्के सूट मागितली, लॉर्डसाहेब १० टक्क्यांवर अडले. सप्टेंबरात जमिनीवरून हटवण्याच्या नोटिसा निघाल्या. त्या बजावायला आलेल्या माणसाला गावच्या बायकांनी दगड-चिखल मारून पिटाळलं.

त्याच सुमारास एनिस गावच्या सभेत आयरिश नेते पार्नेल यांनी विचारलं होतं, हटवलेल्या कुळाची जमीन जो घेईल त्याचं काय करायचं? गर्दीतून उत्तर आलं, गोळी घाला. पार्नेल म्हणाले, त्याहून चांगला मार्ग आहे. रस्त्यात, दुकानात, बाजारात, अगदी चर्चमध्येही त्याच्याशी संबंध ठेवू नका.

मेयोच्या लोकांनी हा मार्ग थेट कारभाऱ्यावरच वापरला. बॉयकॉटचे गडी गेले, लोहाराने काम नाकारलं, कपडे धुणारीने पाठ फिरवली, दुकानदार माल देईनात. शेतात पीक उभं आणि काढायला माणूस नाही. त्याने लंडनच्या 'टाइम्स'ला पत्र लिहून गाऱ्हाणं मांडलं. मग उत्तरेतून पन्नास राजनिष्ठ मजूर आले आणि त्यांच्या रक्षणासाठी शेकडो सैनिक व पोलिस. सुमारे ५०० पौंडांचं पीक काढायला अंदाजे १०,००० पौंड खर्च झाले. नोव्हेंबर सरता सरता बॉयकॉटने गाव सोडलं. डब्लिनच्या हॉटेलातही त्याला थारा मिळाला नाही.

या प्रकाराला म्हणायचं काय? जेम्स रेडपाथ या अमेरिकी पत्रकाराने सांगितलेली हकिगत अशी : तिथल्या फादर ओमॅली यांच्याशी तो बोलत होता. वाळीत टाकण्यासाठी इंग्रजीत ग्रीक वळणाचा एक जडजंबाल शब्द होता, पण तो शेतकऱ्यांना कळला नसता. फादर म्हणाले, मग 'बॉयकॉट करणं' म्हणू या. काही महिन्यांतच हे विशेषनाम क्रियापद होऊन वर्तमानपत्रांत रुळलं, फ्रेंच-जर्मनमध्येही शिरलं.

पंचवीस वर्षांनी, वंगभंगाच्या वेळी, ते भारतीय राजकारणात गाजलं. टिळकांच्या चतुःसूत्रीत स्वराज्य, स्वदेशी आणि राष्ट्रीय शिक्षणाच्या जोडीला बहिष्कार होता. गंमत अशी की ख्रिस्ती पंचहौद मिशनमध्ये घेतलेल्या चहावरून १८९० नंतर पुण्यात जे ग्रामण्य, म्हणजे जातीतून वाळीत टाकण्याचं प्रकरण, माजलं, त्यात रानड्यांप्रमाणे खुद्द टिळकही अडकले होते. जातीने उगारलेलं हत्यार त्यांनी पुढे सरकारकडे वळवलं.

मला इथेच खरा फरक दिसतो. मेयोतल्या बॉयकॉटमध्ये दुबळ्यांनी बळवंताशी व्यवहार तोडला. आपल्याकडचं वाळीत टाकणं बहुधा उलट दिशेने चाललं : जात किंवा गाव एकवटलं आणि एकट्या कुटुंबाचं पाणी, वाणसामान, लग्नकार्य तोडलं. अख्ख्या समाजांना पिढ्यानपिढ्या बाहेर ठेवलं गेलं, म्हणून डॉ. आंबेडकरांना १९२४ मध्ये 'बहिष्कृत हितकारिणी सभा' काढावी लागली. त्यामुळे ऑलिंपिकवरचा बॉयकॉट, चित्रपटावरचा बॉयकॉट आणि आंतरजातीय लग्न केलं म्हणून एखाद्या घरावर टाकलेला बहिष्कार, हे सगळं एकाच मापाने मोजणं चूक आहे. तिकीट न काढणं हा प्रेक्षकाचा हक्क आहे. शेजाऱ्याचा किराणा बंद पाडणं हा गुन्हा आहे.

महाराष्ट्रात तर कायद्यानेच. २०१६ च्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्यानुसार त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. आपल्या गावात असं काही घडत असेल, तर पोलिस ठाण्यात तक्रार करा. पीडित किंवा त्याच्या घरच्यांना थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडेही जाता येतं.