दम्याचा छुपा दाह सांगणारी फुंकर

बुलडाणा जिल्ह्यातील सुलतानपूरचा शेतकरी असो वा मुंबईचा नोकरदार, दम्याचे अनेक रुग्ण एकच चूक करतात. धाप थांबली की रोजचा 'पंप' बंद करतात. पुढे सोयाबीनच्या मळणीची धूळ किंवा वाहनांचा धूर छातीत गेला, की त्रास पुन्हा उफाळतो. कारण धाप थांबली तरी श्वासनलिकांच्या आतील दाह शमलेला असतोच असे नाही. २०१९ च्या अंदाजानुसार भारतात दम्याचे सुमारे ३.४ कोटी रुग्ण होते. त्यामुळे हा प्रश्न लहान नाही.

हा छुपा दाह 'फेनो' या चाचणीने मोजता येतो. ॲलर्जीमुळे श्वासनलिकांना सूज आली, की त्यांच्या अस्तरातील पेशी नायट्रिक ऑक्साईड हा वायू अधिक प्रमाणात तयार करतात. माणसाच्या उच्छ्वासात हा वायू असतो, हे स्वीडनमधील संशोधकांनी १९९१ मध्ये दाखवून दिले. दमेकऱ्यांमध्ये त्याचे प्रमाण वाढते, हे १९९३ मध्ये स्पष्ट झाले.

चाचणी सोपी आहे. खोल श्वास घेऊन यंत्राच्या नळीत सुमारे १० सेकंद संथ, एकसारखी फुंकर घालायची. स्पायरोमेट्रीप्रमाणे जोर लावावा लागत नाही. स्पायरोमेट्री श्वासमार्ग किती अरुंद झाला ते सांगते; फेनो सुजेचा अंदाज देते. हवेच्या एक अब्ज भागांत या वायूचे किती भाग, हे त्याचे माप. प्रौढांमध्ये २५ पेक्षा कमी आकडा आल्यास अशी सूज असण्याची शक्यता कमी. ५० पेक्षा अधिक आल्यास ती असण्याची आणि स्टिरॉइडच्या पंपाचा उपयोग होण्याची शक्यता जास्त. मधला आकडा लक्षणांशी ताडून पाहावा लागतो. पंप सुरू असूनही आकडा चढा राहिला, तर औषध चुकते आहे का, पंप ओढण्याची पद्धत बरोबर आहे का, हे डॉक्टर तपासतात.

अर्थात केवळ या आकड्यावरून निदान होत नाही. धूम्रपानाने तो घटतो. पालक, बीट खाल्ल्याने किंवा ॲलर्जीच्या सर्दीने वाढतो. आकडा कमी आला म्हणून दमा नाही, असेही नव्हे.

हे यंत्र अद्याप गावोगावच्या दवाखान्यांत पोहोचलेले नाही. मात्र त्याने दिलेला धडा कोठेही पाळता येतो : बरे वाटले तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय रोजचा पंप सोडू नये.