शंभर फोन, दहा लाइनी

परळ-लालबागच्या मोठ्या कंपनीत टेबलांवर शंभर फोन असले, तरी रस्त्याखालच्या केबलमधून आत येणाऱ्या लाइनी जेमतेम आठ-दहा असायच्या. एवढ्यात भागायचं कसं? ऑफिसातल्या टेलिफोन बोर्डाचा जन्मच या प्रश्नातून झाला.

हिशेब करून पाहू. दर माणूस तासाला तीन मिनिटं बाहेर बोलला, तर शंभर जणांची ३०० मिनिटं होतात. म्हणजे एका वेळी सरासरी पाच जण फोनवर. मग पाच लाइनी पुरतील? नाही पुरणार, कारण माणसं ठरवून, आळीपाळीने फोन करत नाहीत. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतले गणिती एर्लांग यांनी १९१७ मध्ये याचं सूत्र मांडलं. त्यानुसार पाच लाइनींवर शंभरातले २८ फोन अडतात. लाइनी दहा केल्या, की दोनसुद्धा अडत नाहीत. सगळा धंदा या आकड्यांवर उभा आहे.

पण मुंबईत त्या दहा मिळायच्या कुठे? इथलं पहिलं एक्स्चेंज १८८२ चं. तरी शंभर वर्षांनंतरही नव्या लाइनसाठी वर्षानुवर्षं थांबावं लागे. ही टंचाई सांभाळायची ती बोर्डावरची ऑपरेटर. एक्स्टेन्शनवरून कुणी रिसीव्हर उचलला की बोर्डावर दिवा लागायचा किंवा छोटं शटर खाली पडायचं. जोडीतल्या एका दोरीचा प्लग त्या एक्स्टेन्शनच्या भोकात घालून ती विचारायची, "कुठे लावू?" दुसरी दोरी बाहेरच्या लाइनीत. लाइन मोकळी नसेल, तर "ठेवा, लागली की देते." एर्लांगच्या सूत्रात अडलेला फोन हिशेबातून निघून जातो, बाई मात्र तो लक्षात ठेवायच्या. साहेबांचा ट्रंक कॉल आधी की गिरगावात आजारी आईची चौकशी करणाऱ्या कारकुनाचा, हे त्या ठरवत. हा विवेक पुढच्या कुठल्याही यंत्रात आला नाही, असं माझं ठाम मत आहे.

यंत्र आणलं ते अमेरिकेतल्या स्ट्राउजर यांनी. अंत्यविधीचा व्यवसाय करणाऱ्या या गृहस्थांना संशय होता, की ऑपरेटर आपली गिऱ्हाइकं प्रतिस्पर्ध्याकडे वळवते, अशी कथा सांगतात. त्यांच्या स्वयंचलित स्विचला १८९१ मध्ये पेटंट मिळालं. त्याच तत्त्वावरची यंत्रं ऑफिसांत आली, तेव्हा आतले फोन थेट फिरवता येऊ लागले आणि बाहेरची लाइन आधी शून्य फिरवून मिळू लागली. बाहेरून येणारे फोन मात्र बाईंकडेच राहिले.

खरी उलथापालथ ऐंशीच्या दशकातली. १९८४ मध्ये सी-डॉट ही सरकारी दूरसंचार संशोधन संस्था स्थापन झाली. तिने १२८ पोर्टचं डिजिटल पीबीएक्स, म्हणजे ऑफिसातलं खासगी एक्स्चेंज, तयार करून त्याचं तंत्र भारतीय कारखान्यांना दिलं. खोलीभर यंत्राच्या जागी कपाटाएवढा ईपीएबीएक्स (इलेक्ट्रॉनिक स्वयंचलित पीबीएक्स) आला, मग भिंतीवरचा डबा. लॅमिंग्टन रोडवरून तीन लाइनी-आठ एक्स्टेन्शनचा डबा आणून लोअर परळच्या गाळेवाल्यांनीही स्वतःचं एक्स्चेंज मांडलं. मालकांना त्यात सर्वांत आवडलं ते एसटीडी लॉक! कोणत्या टेबलावरून परगावी फोन लागेल, हे आता प्रोग्रॅमिंगमध्ये ठरू लागलं.

पुढे पीआरआय ही डिजिटल लाइन आली. दोन मेगाबिटच्या एका जोडणीवर एका वेळी तीस संभाषणं. १९९९ मध्ये मार्क स्पेन्सर यांनी अ‍ॅस्टरिस्क हे मोफत सॉफ्टवेअर लिहायला घेतलं आणि साधा संगणकही एक्स्चेंज झाला. आज एक्स्चेंज इंटरनेटवरूनही चालतं, तो संगणकसुद्धा ऑफिसात लागत नाही, आणि लाइनींची टंचाई तर केव्हाच संपली.

तरीही परळच्या मोठ्या रुग्णालयांसारख्या ठिकाणी एक्स्टेन्शन हवंच. मोबाइल माणसाचा असतो, एक्स्टेन्शन जागेचं. रात्री तीनला रक्तपेढीत कोण ड्युटीवर आहे, हे वॉर्डातल्या सिस्टरला माहीत असण्याची गरज नाही. तिने रक्तपेढीचा नंबर फिरवला, की तिथे असेल तो उचलतो.