थेंब कुठून येतो?

मुलांनो, प्रीमियर पद्मिनी पाहिली आहे का कधी? आपले लोक तिला फियाटच म्हणायचे. ती काढणारी कंपनी १९४४ साली वालचंद हिराचंद यांनी सुरू केली. सांगलीच्या इंजिनिअरिंग कॉलेजला त्यांचंच नाव आहे. मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये बंद झाली. साताऱ्याच्या आमच्या काकांनी मात्र आपली पद्मिनी जिवापाड जपली आहे.

गेल्या मे महिन्यात त्याच गाडीतून आम्ही सांगलीला लग्नाला निघालो. कराड सोडलं आणि एका वळणावर समोरचा लाल दिवा लुकलुकला. काकांनी तिथल्या तिथे इंजिन बंद केलं. घाबरलेच होते ते! इंजिनच्या तळाशी पत्र्याचं एक भांडं असतं. इंग्रजीत त्याला संप म्हणतात, आपले मिस्त्री चेंबर म्हणतात. त्यातलं ऑइल पंप उचलतो आणि फिरणाऱ्या भागांना पुरवतो. ऑइल कमी झालं, की वळणावर ते एका बाजूला जातं आणि पंपाच्या तोंडात हवा शिरते. तसंच गाडी दामटली, तर धातूवर धातू घासून इंजिन जाम होतं. मग दुरुस्ती कसली, इंजिनच खोलायचं!

डिकीतल्या डब्यातलं ऑइल ओतून आम्ही सांगली गाठली.

तिथल्या मिस्त्रींनी गाडी खड्ड्यावर घेतली. (जॅकवर चढवलेल्या गाडीखाली आपण कधीच शिरायचं नाही बरं का!) आधी रॉकेलने चेंबर लख्ख पुसलं. मग मला म्हणाले, ‘‘गुरुजी, खडूची पूड हाय का?’’ शिक्षकाच्या पिशवीत खडू नसेल असं होईल का? पूड सगळीकडे भुरभुरली आणि इंजिन चालू केलं. थेंब पडतो तिथूनच ऑइल गळतं असं नाही, वाऱ्याने ते मागे ओघळतं. पूड जिथे आधी ओली होईल, ती खरी जागा. पुढचा कोपरा काळा पडला.

ऑइल काढून चेंबर उतरवलं. मधलं बुचाच्या सालीचं पॅकिंग बोल्टांपाशी चेंगरून फाटलं होतं. काठावर लोखंडी पट्टी धरली, तर खालून उजेड दिसला. भोकांपाशी पत्रा फुगला होता.

‘‘एवढं कुणी आवळलं हो?’’

काका गप्प. गळतंय म्हणून महिन्यापूर्वी त्यांनीच दात-ओठ खाऊन सगळे बोल्ट आवळले होते!

मिस्त्रींनी काठ लाकडावर ठेवून हलक्या हाताने ठोकून सपाट केला. जुनं पॅकिंग खरवडलं, नवं बसवलं. बोल्ट आधी हातानेच लावले. मग छोट्या पान्याने एक इकडचा, एक समोरचा असे थोडे थोडे आवळत गेले. काकांनी मोठा पाना पुढे केला, तर म्हणाले, ‘‘ऱ्हाऊ द्या तुमच्याकडंच!’’

रात्री गाडीखाली वर्तमानपत्र पसरलं. सकाळी ते कोरडं होतं. काकांनी झटकलं आणि चहाबरोबर वाचायला घेतलं.