जर्सीवरचा अंक आणि खेळाडूचा मान

पॅरिसचे कांस्यपदक घेऊन गोलरक्षक पी. आर. श्रीजेश मायदेशी परतले आणि त्याच्या पाठोपाठ, ऑगस्ट २०२४ मध्ये, हॉकी इंडियाने जाहीर केले की भारताच्या वरिष्ठ पुरुष संघात १६ हा क्रमांक यापुढे कोणालाही दिला जाणार नाही. दोनच महिन्यांनी राणी रामपाल यांनी खेळातून निवृत्ती पत्करली, तेव्हा महिला संघातील २८ या क्रमांकालाही हाच मान मिळाला. दोन्ही निर्णयांचे स्वागत झाले आणि ते योग्यच होते. मात्र प्रथा एकदा सुरू झाली की तिच्या मागोमाग यादी येते, आणि यादी आली की तीत कोण आहे यापेक्षा कोण नाही हा प्रश्न अधिक बोचू लागतो. अंक निवृत्त करण्याइतके मोठे माजी हॉकीपटू कोणते? आणि ते कोणी, कशाच्या आधारे ठरवायचे?

ही रूढी मुळात आपल्याकडची नव्हे. ती उत्तर अमेरिकेतील बर्फावरच्या हॉकीतून आली. टोरांटो संघाचा एस बेली हा खेळाडू डिसेंबर १९३३ मध्ये बोस्टन येथील सामन्यात प्रतिस्पर्ध्याच्या धक्क्याने कोसळला. डोक्याला झालेल्या इजेतून तो वाचला, परंतु खेळणे कायमचे संपले. त्याच्या मदतीसाठी फेब्रुवारी १९३४ मध्ये सामना भरविण्यात आला आणि त्याचा ६ हा क्रमांक संघाने राखून ठेवला. म्हणजे या प्रथेचा जन्म विक्रमांच्या कौतुकातून झाला नाही. अकाली थांबलेल्या एका माणसाविषयीच्या कळवळ्यातून झाला. पुढे तिचे स्वरूप पालटले. वेन ग्रेट्स्की १९९९ मध्ये निवृत्त झाला तेव्हा ९९ हा क्रमांक एका संघाने नव्हे, तर तेथील संपूर्ण राष्ट्रीय लीगने बाजूला ठेवला. कळवळ्याची जागा कीर्तीने घेतली, आणि कीर्तीच्या मागे बाजार आलाच.

भारतात हे लोण क्रिकेटने आणले. २०१७ मध्ये पालघरच्या शार्दूल ठाकूर यांनी श्रीलंकेत १० क्रमांकाची जर्सी घातली, तेव्हा सचिन तेंडुलकर यांच्या चाहत्यांनी केवढा गहजब केला! एका नवोदित गोलंदाजाला जणू देवळात पादत्राणे घालून शिरल्याचा दोष लागला. त्यांनी पुढे ५४ हा क्रमांक घेतला. दहाचा आकडा त्यानंतर मैदानावर दिसला नाही, आणि महेंद्रसिंग धोनी यांच्या ७ या आकड्याचेही तेच झाले. भक्तीची ही तऱ्हा हॉकीत येण्यापूर्वी थोडा विचार झालेला बरा.

श्रीजेश यांच्या पात्रतेविषयी वाद होण्याचे कारण नाही. चार ऑलिंपिक, तीनशेहून अधिक आंतरराष्ट्रीय सामने, २०१४ च्या इंचॉन येथील अंतिम सामन्यात पाकिस्तानचे पेनल्टी स्ट्रोक अडवून मिळवून दिलेले आशियाई सुवर्ण, टोकियोत जर्मनीविरुद्ध शेवटच्या क्षणी रोखलेला पेनल्टी कॉर्नर, आणि पॅरिसच्या उपांत्यपूर्व सामन्यात दहाच खेळाडूंनिशी लढणाऱ्या संघामागे उभी राहिलेली भिंत. राणी रामपाल यांचे प्रकरण अधिक बोलके आहे. हरियाणातील शाहाबाद मारकंडा येथील गाडा ओढणाऱ्या बापाची ही लेक पंधराव्या वर्षी विश्वचषकात खेळली आणि तिच्या नेतृत्वाखाली टोकियोत भारतीय महिला ऑलिंपिकच्या उपांत्य फेरीपर्यंत गेल्या. पदक मात्र हुकले. चौथ्या क्रमांकावर समाधान मानावे लागले. तरीही २८ हा अंक निवृत्त झाला. याचा अर्थ असा की ऑलिंपिक पदक ही या मानाची अट नाही, हे हॉकी इंडियाने स्वतःच मान्य केले आहे. एवढे मान्य केल्यावर धनराज पिल्ले यांचे नाव या यादीत का नाही, याचे समाधानकारक उत्तर मिळत नाही.

मुळशीच्या डोंगरांतून निघालेली मुळा म्हाळुंग्यावरून वाहत पुढे खडकीला जाते. त्या खडकीत दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीत धनराज वाढले. वडील कारखान्याच्या मैदानाची निगा राखीत. मोडक्या स्टिका आणि टाकून दिलेले चेंडू हेच पोरांचे भांडवल. चिखलमातीच्या त्या मैदानावर चेंडू स्टिकला चिकटवून धावण्याची जी कला आली, ती पुढे जगातल्या गुळगुळीत कृत्रिम हिरवळींवर कोणाला सहजी अडविता आली नाही. १९८९ ते २००४ या काळात ३३९ सामने. चार ऑलिंपिक, चार विश्वचषक, चार आशियाई स्पर्धा आणि चार चॅम्पियन्स करंडक. चौकडीचा हा हिशेब मांडणारा दुसरा भारतीय दाखविणे कठीण. पण या आकड्यांहून महत्त्वाचा आहे तो काळ. १९८० नंतर ऑलिंपिक पदक दुरावलेले, मैदाने बदललेली, नियम बदललेले, प्रेक्षक क्रिकेटकडे वळलेले. धनराज खेळले त्या चार ऑलिंपिकमध्ये भारत सातवा, आठवा, सातवा आणि पुन्हा सातवा आला. २००० साली सिडनीत पोलंडविरुद्ध सामना संपण्यास दोनएक मिनिटे उरली असताना बरोबरीचा गोल झाला आणि उपांत्य फेरीचे दार बंद झाले. ज्या पिढीने तो सामना पाहिला, तिला त्या खेळाडूंचे चेहरे अजून आठवतात.

या पडत्या काळात भारतीय हॉकीला पाहण्याजोगे ठेवले ते या माणसाने. १९९८ मध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली बँकॉक येथे दक्षिण कोरियाला पेनल्टी स्ट्रोकवर नमवून भारताने आशियाई सुवर्ण जिंकले, तेही बत्तीस वर्षांनंतर. आणि त्याची बक्षिशी काय मिळाली? कर्णधारासह अनेक ज्येष्ठ खेळाडूंना ‘विश्रांती’ देण्यात आली. खेळाडूंनी भत्त्यांचा प्रश्न काढला होता, त्याचा हा परिणाम, अशीच सर्वत्र समजूत झाली. धनराज तोंडाने तिखट होते, हे खरे. पण मवाळ माणसालाच मान द्यायचा, असा नियम असेल तर क्रीडाक्षेत्रातील निम्मे मानकरी गाळावे लागतील. विजेत्या संघात राहून अंक अमर होणे तुलनेने सोपे. हरणाऱ्या संघात पंधरा वर्षे उभे राहून लोकांना मैदानाकडे खेचत राहणे अवघड. निकष लावायचाच तर हा लावावा.

हाच निकष घेऊन चालले तर पुण्यातले आणखी एक नाव समोर येते, आणि ते तर जवळपास विस्मृतीतच गेले आहे. दिल्लीतील १९८२ च्या आशियाई स्पर्धांची हॉकी म्हटली की पाकिस्तानने अंतिम सामन्यात भारताचा ७-१ असा केलेला पराभव आठवतो. त्या पराभवावर लेख आले, चर्चा झडल्या, एका गोलरक्षकाचे आयुष्य त्यात होरपळले. परंतु त्याच स्पर्धेत भारतीय महिलांनी हॉकीचे सुवर्णपदक जिंकले होते, हे कितीजणांना ठाऊक आहे? महिला हॉकीचा आशियाई स्पर्धांतील तो पहिलाच समावेश होता. संघाची कर्णधार होती पुण्यात जन्मलेली एलायझा नेल्सन. १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकमध्ये चौथ्या आलेल्या संघातही ती होती. त्यानंतर २०२३ च्या हांगझोऊ स्पर्धेपर्यंत भारतीय महिलांना आशियाई सुवर्ण पुन्हा एकदाही मिळालेले नाही. पुरुषांची हार चाळीस वर्षे लक्षात राहते आणि बायकांची जीत चार वर्षांत विसरली जाते, हा न्याय मोठा चमत्कारिक म्हणावा लागेल.

पण येथेच प्रथेचे दुबळेपण उघडे पडते. धनराज म्हटले की वाऱ्यावर उडणारे केस, अचानक वेग घेणारी ती धाव आणि पंचाकडे टाकलेला जळजळीत कटाक्ष डोळ्यांपुढे येतो. पाठीवरचा क्रमांक विचारला तर बहुतेकांना थांबावे लागेल. नेल्सन यांच्याबाबतीत तर प्रश्नच नको. ज्याच्या पाठीवरचा आकडा दूरचित्रवाणीच्या पडद्यावर वर्षानुवर्षे दिसत राहिला त्याचा अंक निवृत्त होणार, आणि ज्याचा दिसला नाही त्याचे काय? ध्यानचंद यांना कोणत्या क्रमांकाने गौरवायचे? १९३६ च्या बर्लिन संघात त्यांच्या बरोबरीने मुंबई प्रांतातून निवडलेले बाबू निमल होते. त्यांच्या काळी खेळाडूला आयुष्यभर चिकटणारा अंक ही कल्पनाच नव्हती. १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये भारताच्या एकाच संघात तीन बलबीर सिंग होते. अंकाची खरी गरज कोणाला होती तर त्या समालोचकांना!

श्रीजेश यांच्या जागेचा वारसा पाहू गेले तर शंकर लक्ष्मण यांच्यापाशी थांबावे लागते. महूचा हा गोलरक्षक मराठा लाइट इन्फन्ट्रीचा सैनिक. १९५६ आणि १९६४ अशी दोन ऑलिंपिक सुवर्णे, १९६० चे रौप्य, आणि १९६६ साली बँकॉकमध्ये कर्णधार म्हणून आशियाई सुवर्ण. धनराज यांनी बत्तीस वर्षांनी परत आणले ते हेच. १९६४ च्या टोकियो अंतिम सामन्यात पाकिस्तानविरुद्ध भारत १-० ने जिंकला तो याच्या बळावर. २००६ मध्ये महूलाच, पायाला गँगरीन होऊन, हलाखीत त्याचा अंत झाला. त्या माणसाला आकडा नको होता, औषधपाणी हवे होते.

अंक निवृत्त करण्यास पैसा लागत नाही, जागा लागत नाही, सांभाळणी लागत नाही. म्हणूनच संघटनांना तो मान सुचतो की काय, अशी शंका येते. जेथे सांभाळणी लागते तेथे काय घडते, हे थोरल्या बलबीर सिंग यांच्या अनुभवावरून दिसते. १९५२ च्या हेलसिंकी अंतिम सामन्यात भारताच्या सहापैकी पाच गोल करणारा हा खेळाडू. नियोजित क्रीडासंग्रहालयासाठी त्यांनी १९८५ मध्ये आपली छत्तीस पदके, मेलबर्न ऑलिंपिकचा कर्णधाराचा ब्लेझर आणि दुर्मीळ छायाचित्रे भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या हवाली केली. कालांतराने चौकशी केली तेव्हा ठेवा गहाळ झाल्याचे उघड झाले. वर्षानुवर्षे पाठपुरावा झाला. मे २०२० मध्ये बलबीर गेले, वस्तू हाती आल्या नाहीत.

मग काय करावे? अंक मुळीच राखू नयेत, असे नाही. मात्र तो राखण्याची पद्धत आपल्या मातीतून घेता येईल. मुळशी हा कुस्तीचा मुलूख. २०१७ ची महाराष्ट्र केसरी स्पर्धा याच तालुक्यातील भूगावला झाली, आणि जानेवारी २०२० मधली म्हाळुंगे-बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडानगरीत. १९६१ पासून ही मानाची गदा दिली जात आहे. एखादा मल्ल फार मोठा निघाला म्हणून पुढच्यांना ती मिळणार नाही, असे कोणी कधी म्हटले नाही. मान मोठा होतो तो दर वेळी नव्या खांद्यावर गेल्यामुळे. गावोगावच्या सप्ताहांत वीणा खाली ठेवीत नाहीत, एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. त्यातही हेच तत्त्व आहे. आणि गंमत अशी की ज्या बेलीपासून अंकनिवृत्ती सुरू झाली, त्यालाही अखेरीस हेच पटले. १९६८ मध्ये त्याने स्वतः सांगून आपला ६ क्रमांक रॉन एलिस या तरुण खेळाडूच्या पाठीवर चढविला. एलिसचा खेळ त्याला आवडला होता, एवढेच कारण.

म्हाळुंग्याची ही क्रीडानगरी १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी उभी राहिली. गाव २०२१ मध्ये पुणे महापालिकेत गेले, तरी क्रीडानगरीच्या नावात ते टिकून आहे. राज्य शासनाच्या क्रीडाप्रबोधिनीत शिकलेल्या वैष्णवी फाळके, अक्षता ढेकळे, ऋतुजा पिसाळ या फलटण तालुक्यातील शेतकऱ्यांच्या मुली भारताच्या संघांपर्यंत पोहोचल्या. वैष्णवी हांगझोऊच्या कांस्यविजेत्या संघात होती. महाराष्ट्राच्या संघात धनराज आणि एलायझा नेल्सन यांचे क्रमांक राखून ठेवावेत, पण कपाटात बंद करण्यासाठी नव्हे. दर मोसमात एकाच मुलाला आणि एकाच मुलीला ते द्यावेत, देताना तो कोणी कोणत्या सामन्यांत घातला हे सांगावे, आणि क्रीडानगरीच्या भिंतीवर त्या नावांची यादी पुढे वाढत जावी. श्रीजेश यांच्याबाबतीत हॉकी इंडियाने अजाणता असेच काहीसे केले आहे: वरिष्ठ संघातून उतरलेला १६ कनिष्ठ संघात चालू राहील, असे त्याच वेळी स्पष्ट करण्यात आले, आणि त्या संघाचे प्रशिक्षक म्हणून श्रीजेश यांचीच नेमणूक झाली.

यासाठी प्रथम कोणाच्या पाठीवर कोणता आकडा होता हे खात्रीने लिहून काढावे लागेल. १९८२ च्या सुवर्णविजेत्या संघातील खेळाडू आता साठी ओलांडून गेल्या आहेत. त्यांना विचारावयाचे असेल तर ते याच दोन-चार वर्षांत विचारले पाहिजे.