काका गप्प का झाले?

दोस्तांनो, शिरूर आणि दौंडकडच्या मुलांना एक आवाज चांगलाच ओळखीचा आहे. रात्री पुस्तक हातात धरून डुलकी लागावी आणि लांबून सायरन ऐकू यावा! शिरूरला तो पुणे-अहिल्यानगर रस्त्यावरून येतो, दौंड तालुक्यात पाटस, कुरकुंभच्या बाजूने, पुणे-सोलापूर रस्त्यावरून. आजी म्हणते, "कुणावर वेळ आली गं बाई!" आपण कूस बदलतो आणि झोपी जातो.

त्या गाडीतला माणूस सकाळी घरी येतो. त्याचे पुढे काय होते, याचा कधी विचार केलाय?

समजा, तुमच्या शेजारचे काका १०८ च्या रुग्णवाहिकेवर आहेत. (महाराष्ट्रात ही सेवा २०१४ साली सुरू झाली. तिच्या चालकाला 'पायलट' म्हणतात, बरं का!) पूर्वी हेच काका गल्लीत तुमचं क्रिकेट चाललं की ओट्यावरून ओरडायचे, "अरे, बॅट सरळ धर की!" हल्ली मात्र गप्प असतात. फटाका वाजला की दचकतात, जेवता जेवता ताटावरून उठतात. त्यांचा मुलगा सायकल काढून रस्त्यावर निघाला, की असे खेकसतात की तो रडायलाच येतो. त्याला वाटतं, आपलंच काहीतरी चुकलं. गल्लीतले म्हणतात, "काय माणूस होता, किती बदलला!"

गंमत बघा. अपघात काकांना झालाच नाही. त्यांना साधे खरचटलेलेसुद्धा नाही. अपघात झाला तो कुणा अनोळखी माणसाला.

तरीही काकांना जखम झालेली आहे. लिसा मॅक्‌कॅन आणि लॉरी पर्लमन या दोघी मानसशास्त्रज्ञांनी १९९० साली अशा जखमेला 'व्हायकेरियस ट्रॉमा' हे नाव दिले. आपण तिला 'परदुःखाचा आघात' म्हणू. त्यांनी हे नाव दिले होते समुपदेशकांसाठी. दिवसभर दुसऱ्यांच्या भयंकर हकिकती ऐकून ऐकून समुपदेशकांचे स्वतःचेच मन बदलून जाते, जग धोक्याचे वाटू लागते, असे त्यांच्या लक्षात आले होते. पुढे तेच अग्निशमन दलात, पोलिसांत, रुग्णवाहिकेवरच्या माणसांतही दिसू लागले. ती तर नुसते ऐकत नाहीत, डोळ्यांनी पाहतात, हातांनी उचलतात. २०१३ साली अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांनी आजारांच्या आपल्या पुस्तकात स्पष्टच लिहिले, की कामाचा भाग म्हणून असे प्रसंग पुन्हा पुन्हा वाट्याला येणे, उदाहरणार्थ अपघातातले मृतदेह गोळा करणे, यानेसुद्धा माणूस आजारी पडू शकतो.

हे होते कसे? दौंड जंक्शन आठवा. सोलापूरची गाडी, मनमाडची गाडी, बारामतीची गाडी, प्रत्येकीला आपापला रूळ. आलेली मालगाडी मुख्य रुळावर उभी ठेवत नाहीत, बाजूला यार्डात नेतात. आपला मेंदूही आठवणींचे असेच करतो. मागच्या वर्षी तुम्ही झाडावरून पडलात. ती आठवण आता यार्डात उभी आहे. पाहिजे तेव्हा बघता येते, पण ती रस्ता अडवत नाही. भयंकर प्रसंगाच्या वेळी मात्र मेंदूतला बदामाच्या आकाराचा एक छोटा भाग, त्याचे नाव अमिग्डाला, धोक्याची घंटा इतक्या जोरात वाजवतो की आठवण नीट जागेवर लावायचे काम बिघडते. मग ती मुख्य रुळावरच उभी राहते. डिझेलचा वास आला, ब्रेक कर्कश्श वाजला, की काकांना ते सारे आत्ता, इथेच घडतेय असे वाटते. जो माणूस दुसऱ्याच्या दुःखाने जास्त कळवळतो, त्याला हा त्रास जास्त होऊ शकतो. तेव्हा याला भित्रेपणा म्हणणाऱ्यांना काही कळत नाही, असे मला वाटते.

धडधाकट जवानांनाही तो चुकत नाही. २ जून २०२३ रोजी ओडिशात बालासोरजवळ तीन गाड्यांचा भीषण अपघात झाला. डब्यांतून माणसे बाहेर काढायला राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे, म्हणजे एनडीआरएफचे, जवान गेले होते. त्या दलाचे तेव्हाचे महासंचालक अतुल करवाल यांनी काही दिवसांतच एका परिषदेत जाहीरपणे सांगितले, की आपल्या एका जवानाला पाणी पाहिले की रक्तच दिसते, आणि दुसऱ्याची भूकच गेली आहे. अशा जवानांसाठी समुपदेशनाची सोय केली आहे, असेही ते म्हणाले. एवढ्या मोठ्या अधिकाऱ्याने हे लपवून ठेवले नाही, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. साहेबच बोलले म्हटल्यावर खालच्या जवानाला बोलायची लाज कशाला वाटेल?

याच दलाची एक तुकडी आपल्या जिल्ह्यात आहे, तळेगाव दाभाड्याजवळ सुदुंबरे इथे. ३० जुलै २०१४ च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातल्या माळीण गावावर डोंगर कोसळला, तेव्हा तिथले जवान धावले. शिरूरवरून जी घोड नदी वाहते ना, तिच्याच वरच्या खोऱ्यातले हे गाव. एस.टी. घेऊन गेलेल्या चालकाला रोजचे गाव जागेवर दिसलेच नाही, तेव्हा बाहेरच्या जगाला बातमी कळली. त्यानंतर आठवडाभर पावसाचिखलात काम चालले. दीडशेहून जास्त माणसे गेली. त्या कामात गणवेशातले जवान होते, तसे आसपासच्या गावांतले शेतकरीही होते. आपल्याकडे सर्वांत आधी धावतो तो बहुतेक वेळा साधाच माणूस. महामार्गावरचा ढाबेवाला, पोलीस पाटील, रुळांवर काम करणारा ट्रॅकमन, नदीत बुडालेल्याला शोधायला होडी काढणारा भोई. यांना समुपदेशनाला कोण बोलावते? खरे तर कुणीच नाही, आणि ही चूक सुधारली पाहिजे.

आता उपचाराचे बघू. भयंकर प्रसंगानंतर काही दिवस झोप न लागणे, डोळ्यांसमोर तेच येणे हे साहजिक आहे. बहुतेकांचे ते आपोआप कमी होते. विश्रांती, बदललेली पाळी, सोबत काम केलेल्या मित्राबरोबर चहा, याचा मोठा आधार असतो. पूर्वी परदेशात एक पद्धत होती. प्रसंगानंतर लगेच सगळ्यांना एकत्र बसवून काय पाहिले ते सांगायला लावायचे. पुढे अभ्यासात दिसले, की अशा एकाच बैठकीने आजार टळत नाही, उलट काहींचा त्रास वाढतो. म्हणून कुणालाही जबरदस्तीने बोलते करू नये. दारूने झोप लागल्यासारखी वाटते, पण झोपेचे आणि मनाचे वाटोळेच होते.

महिना उलटला तरी त्रास कमी होत नसेल, किंवा आधीच तो असह्य झाला असेल, तर मात्र डॉक्टर गाठायचा. तज्ज्ञ काय करतात? त्या माणसाला सुरक्षित वाटेल अशा ठिकाणी बसवून, हळूहळू, त्याच्या कलाने ती आठवण पुन्हा बघायला मदत करतात. "मी दोन मिनिटं आधी पोचलो असतो तर?" असे काका स्वतःला हजारदा विचारत असतात, तो प्रश्नही नीट तपासून बघतात. एका पद्धतीत तर आठवण मनात धरून डोळे डावीकडे-उजवीकडे हलवायचे असतात! ऐकायला विचित्र वाटते, पण जागतिक आरोग्य संघटनेनेही तिची शिफारस केली आहे. काहींना गोळ्याही लागतात. आठवण पुसली जात नाही. मुख्य रुळावरची ती मालगाडी यार्डात जाते, एवढेच.

आणि काकांच्या मुलाने काय करायचे? "किती मेले?", "कसं दिसत होतं?" असे विचारू नये. अपघाताचे व्हिडिओ फोनवर पाहू नयेत, पुढे तर मुळीच पाठवू नयेत. ते पाहून तुमचीही झोप उडू शकते. बाबा गप्प असले तर शेजारी बसून खुशाल आपला गृहपाठ करावा. बाबांना बरे करणे हे त्याचे काम नव्हे, ते मोठ्यांचे आणि डॉक्टरांचे.

आईबाबांनो, तुमच्यासाठी एकच वाक्य आहे. घरी आल्यावर ते मुलाला म्हणून बघा: "आज कामावर फार वाईट झालं रे. मी तुझ्यावर चिडलो नाही." तपशील नको, पण एवढे सांगाच. नाहीतर मूल मनातल्या मनात स्वतःलाच दोषी ठरवते.

१४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक फोनजवळच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. केंद्र सरकारने ही सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केली. ती चोवीस तास आणि मोफत असते आणि तिथे मराठीत बोलता येते. फोन काकांनीच करायला हवा असे काही नाही, काकूंनी केला तरी चालतो.