चिकित्सक साक्षरता आणि महाविद्यालयीन लेखन : कबुलायतीतील 'मी'

महाविद्यालयीन स्तरावर लेखनाचे अध्यापन मुख्यतः अर्ज, पत्र, निबंध, सारांश यांच्या बाह्यरूपाभोवती फिरते. मायना, विषय, दिनांक यांची शिस्त विद्यार्थी आत्मसात करतो. मात्र मजकूर कोणी, कोणाच्या नावाने आणि कोणाच्या हितासाठी रचला, हा प्रश्न वर्गात क्वचितच उपस्थित होतो. ब्राझीलचे शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेरे यांच्या विचारांतून पुढे आलेली 'चिकित्सक साक्षरता' ही संकल्पना हाच प्रश्न केंद्रस्थानी ठेवते. महाराष्ट्राला तो नवा नाही. 'शेतकऱ्याचा असूड' (१८८३) मध्ये महात्मा फुले यांनी अक्षरशून्य शेतकऱ्याच्या कागदोपत्री नागवणुकीची मांडणी केली होती.

अलिबाग परिसरातील अध्यापकांना याचे उदाहरण दूर शोधावे लागत नाही. खोती व्यवस्थेत कूळ जमीनमालकास कबुलायत लिहून देत असे. तिची भाषा प्रथमपुरुषी : मी अमुक खंड देईन, न दिल्यास अमुक परिणाम मला मान्य आहे. प्रत्यक्षात निरक्षर कुळाच्या बाबतीत हा 'मी' लेखक नव्हताच. मसुदा दुसऱ्याचा, अंगठा तेवढा कुळाचा. अलिबाग तालुक्यातील चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली २७ ऑक्टोबर १९३३ रोजी कुळांनी संप पुकारला. तो १९३९ पर्यंत चालला. दरम्यान १७ सप्टेंबर १९३७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी मुंबई विधिमंडळात खोती निर्मूलनाचे विधेयक मांडले. संपाची कारणे अर्थातच आर्थिक होती. तथापि जमीन न कसणे म्हणजे कागदावरील त्या उसन्या 'मी'ला दिलेला नकार, असाही त्याचा अन्वय लावता येतो.

'आपला आज्ञाधारक विद्यार्थी' या समारोपातील 'मी'ही उसनाच आहे, हे येथे नोंदवावयास हवे. वर्गात तो निरुपद्रवी वाटतो. परंतु याच विद्यार्थ्याच्या घरी उद्या भूसंपादनाची प्रारंभिक अधिसूचना पोहोचू शकते. १ जानेवारी २०१४ पासून लागू झालेल्या भूसंपादन कायद्याच्या कलम १५ नुसार हितसंबंधित व्यक्तीस ६० दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी हरकत घेता येते. ती जमिनीचे क्षेत्र व योग्यता, सार्वजनिक प्रयोजनाचे समर्थन आणि सामाजिक परिणाम मूल्यांकनाचे निष्कर्ष यांबाबत असावी लागते. 'आमच्यावर अन्याय होत आहे, तरी कृपा व्हावी' अशा विनवणीने यांपैकी कोणताही मुद्दा सिद्ध होत नाही. त्यासाठी अधिसूचना ओळीओळीने वाचावी लागते : 'सार्वजनिक' हा शब्द कोणत्या प्रयोजनास लावला आहे, 'संपादित करण्यात येत आहे' या कर्मणी रचनेत कर्ता कोठे लपला आहे.

अशी अधिसूचना वर्गात वाचून तिच्यावर हरकत लिहून घेणे अवघड नाही. अवघड आहे ते मूल्यमापन. मायना अचूक, शुद्धलेखन निर्दोष, परंतु मुद्दा नाही, अशा उत्तरास प्रचलित गुणदान पद्धतीत सहज उत्तीर्ण करता येते. ऱ्हस्वदीर्घाच्या चुकांसह अधिसूचनेतील क्षेत्र आणि सात-बारावरील क्षेत्र यांतील तफावत दाखवून देणारा विद्यार्थी मात्र त्याच पद्धतीत मागे पडतो.