इथे लांब, तिथे आखूड: मैदानावरच्या कपड्यांचे अजब नियम

जुलै २०२१. बल्गेरियातलं वार्ना शहर, बीच हॅण्डबॉलची युरोपियन स्पर्धा, कांस्यपदकासाठी नॉर्वे विरुद्ध स्पेन. नॉर्वेच्या मुली वाळूत उतरल्या त्या शॉर्ट्स घालून. कुणाला कोपर मारलं नाही, पंचांशी हुज्जत घातली नाही. तरी युरोपियन हॅण्डबॉल महासंघाने प्रत्येकीला १५० युरो, म्हणजे संघाला एकूण १५०० युरो दंड ठोकला. गुन्हा काय, तर अयोग्य कपडे!

नियमपुस्तकात काय लिहिलं होतं ते वाचण्यासारखं आहे. बायकांनी बिकिनीच घालायची, ती अंगासरशी हवी, मांडीकडे वर चढत जाणाऱ्या कापाची हवी आणि कमरेच्या बाजूला तिची रुंदी जास्तीत जास्त १० सेंटिमीटर. त्याच खेळात पुरुषांसाठीही १० सेंटिमीटरच होते, पण त्यांची शॉर्ट्स गुडघ्याच्या वर तेवढं अंतर सोडून संपली की झालं. आकडा एकच. तिच्यासाठी कापड किती असावं याची ती कमाल मर्यादा, त्याच्यासाठी गुडघ्यापासून सोडायची जागा.

दंड भरायला अमेरिकन गायिका पिंक पुढे आली. जगभर बोंबाबोंब झाली, महासंघाने दंडाची रक्कम दान करून टाकली आणि वर्ष संपायच्या आत आंतरराष्ट्रीय हॅण्डबॉल महासंघाने नियम बदलला. आता बायकांना शॉर्ट्स चालतात. मात्र त्या आखूड आणि घट्ट असायला हव्यात, हे नव्या नियमातही लिहिलेलं आहेच.

त्याच सुमारास, इंग्लंडात

वार्नाचा सामना झाला त्याच सुमारास इंग्लंडमधल्या बेडफर्डला वेल्सची पॅरा-ॲथलीट ऑलिव्हिया ब्रीन लांब उडी मारून बाहेर आली, तर एका महिला अधिकाऱ्याने तिला गाठून सांगितलं: तुझी स्प्रिंट ब्रीफ फारच तोकडी आहे, शोभत नाही. ब्रीन जागतिक विजेतेपद मिळवलेली खेळाडू. तिच्या अंगावरची ब्रीफ खास धावण्या-उडीसाठीच बनवलेली, ती वर्षानुवर्षं घालत आलेली. एकीकडे कपडा मोठा म्हणून दंड, दुसरीकडे लहान म्हणून समज! पुरुष खेळाडूला कुणी असं हटकलं असतं का, हा तिने तेव्हाच जाहीरपणे विचारलेला प्रश्न अगदी रास्त होता.

तोच जुलै इथेच थांबला नाही. ज्या पोहणाऱ्यांचे केस दाट आणि कुरळे असतात, त्यांच्यासाठी ‘सोल कॅप’ नावाची मोठी टोपी निघाली होती. जागतिक जलतरण महासंघाने तिला परवानगी नाकारली आणि ती टोक्यो ऑलिंपिकबाहेर राहिली. २०२२ मध्ये तीच टोपी मंजूर झाली.

टोक्योतूनच एक झकास बातमीही आली. सारा फॉस, पाउलीन शेफर, एलिझाबेथ झाइट्झ आणि किम बुई या जर्मन जिम्नॅस्ट घोट्यापर्यंत अंग झाकणारा युनिटार्ड घालून मैदानात आल्या. नियमाने हे आधीपासून चालत होतं! फॉसने त्याच वर्षी एप्रिलमध्ये बासेलच्या युरोपियन स्पर्धेत हा पायंडा पाडला होता. तोवर बहुतेक जणी पाय उघडे ठेवणारा लिओटार्डच घालायच्या, कारण ‘तसंच घालतात’. लिहिलेल्या नियमापेक्षा न लिहिलेला नियम चिवट असतो.

जून २०११: काही दिवसांचं अंतर

बॅडमिंटनच्या जागतिक महासंघाला वाटलं, बायकांचा खेळ बघायला गर्दी कमी होते, तेव्हा वरच्या दर्जाच्या स्पर्धांत स्कर्ट सक्तीचा करावा. खेळ ‘आकर्षक’ दिसेल! शॉर्ट्स घालायच्या तर स्कर्टच्या आत घाला, अशी सवलत होती. १ मेची तारीख ठरली, मग १ जून. सायना नेहवाल तेव्हा शॉर्ट्स घालून जगातल्या पहिल्या फळीत खेळत होती. तिच्या स्मॅशला स्कर्टने काय जोर येणार होता? खेळाडूंनी कडकडून विरोध केला. सक्ती लांबणीवर पडली आणि पुढे गुंडाळलीच गेली.

आणि ३ जून २०११ ला जॉर्डनमधल्या अम्मानला इराणचा महिला फुटबॉल संघ ऑलिंपिक पात्रता सामन्यासाठी मैदानात उभा होता. राष्ट्रगीत झालं. पण डोकं आणि मान झाकणारा हिजाब फिफाच्या नियमात बसत नाही म्हणून सामना सुरूच झाला नाही. जॉर्डनला ३-० असा विजय बहाल झाला, इराणच्या मुली मैदानावरच रडल्या. सुरक्षिततेचं कारण देऊन घातलेली ही बंदी २०१४ मध्ये उठली. २०२३ च्या विश्वचषकात मोरोक्कोची नुहैला बेनझिना हिजाब घालून खेळली.

आपल्याकडे २००५ मध्ये सानिया मिर्झाच्या स्कर्टवर धर्मगुरूंनी आक्षेप घेतला होता, तेव्हा ती अठरा वर्षांची होती. तिने आपला टेनिसचा पोशाख सोडला नाही.

बिकिनी हवी असेल तर?

बीच व्हॉलीबॉलमध्ये २०१२ पर्यंत बिकिनी किंवा एकसंध स्विमसूट एवढेच पर्याय होते. मग शॉर्ट्स आणि बाह्यांचे टॉपही चालू लागले. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये इजिप्तची दोआ एल-गोबाशी लांब पँट आणि हिजाबात, तर जाळीपलीकडे जर्मन जोडी बिकिनीत, असा फोटो जगभर गाजला. पण मला त्याहून बोलकी वाटते ती २०२१ ची गोष्ट. कार्ला बोर्गर आणि युलिया झुडे या जर्मन जोडीने दोहाच्या स्पर्धेवर बहिष्कार जाहीर केला, कारण तिथे बिकिनीला मनाई होती! त्या उकाड्यात त्यांना बिकिनीच सोयीची वाटत होती. आयोजकांना मनाई मागे घ्यावी लागली. नॉर्वेच्या मुलींचं आणि या दोघींचं मागणं मला एकच वाटतं.

पांढरं, पांढरं आणि पांढरं

विंबल्डनचा शुभ्र पोशाख सगळ्यांना ठाऊक. १९४९ मध्ये गसी मोरन या अमेरिकन खेळाडूच्या स्कर्टखालच्या निकरला लेस दिसली आणि गहजब उडाला. फोटोग्राफर तिचे फोटो काढायला जमिनीवर आडवे पडायचे. शिक्षा मात्र वेगळ्यालाच! ती निकर शिवणारे टेड टिनलिंग स्पर्धेचं यजमानपण सांभाळायचे; त्यांना तिथून ३३ वर्षं दूर ठेवलं गेलं. १९८५ मध्ये ॲन व्हाइट अंगभर पांढरा बॉडीसूट घालून आली. रंग नियमाप्रमाणे, एक इंचही उघडं नाही. एक-एक सेट झाला, अंधारामुळे सामना थांबला आणि तिला सांगितलं गेलं, उद्या दुसरं काहीतरी घालून ये.

पांढऱ्या कपड्यांत पाळीच्या दिवसांत खेळायचं म्हणजे काय, याबद्दल कितीतरी दशकं कुणी चकार शब्द काढला नाही. मन चेंडूवर ठेवायचं की डाग पडलाय का या धास्तीवर? लाखो लोक बघत असताना वाकायचं, पळायचं, पडायचं. २०२२ मध्ये फ्रेंच ओपनला चीनची झेंग छिनवेन इगा श्वियांतेकविरुद्ध पहिला सेट जिंकून हरली आणि पत्रकारांना तिने पाळीच्या दुखण्याबद्दल स्पष्ट सांगितलं. त्याच वर्षी इंग्लंडच्या फुटबॉलपटूंनी पांढऱ्या शॉर्ट्सबद्दल तक्रार केली. २०२३ च्या विश्वचषकात त्यांच्या शॉर्ट्स निळ्या झाल्या. विंबल्डननेही २०२३ पासून स्कर्टच्या आत गडद रंगाच्या शॉर्ट्सना परवानगी दिली. पहिल्या महिला एकेरीनंतर १३९ वर्षांनी!

दहा सेकंदांचा गुन्हा

२०१८ ची अमेरिकन ओपन. टेनिसपटू ॲलिझे कॉर्नेच्या लक्षात आलं की टॉप उलटा घातलाय. बेसलाइनमागे जाऊन, पाठ फिरवून तिने तो पटकन सरळ केला. आत स्पोर्ट्स ब्रा होती. पंचांनी नियमभंगाची ताकीद दिली. त्याच स्पर्धेत पुरुष खुर्चीवर उघडे बसून घाम पुसत होते. आयोजकांनी दुसऱ्या दिवशी दिलगिरी व्यक्त केली. याच्या काहीच दिवस आधी फ्रेंच टेनिसच्या अध्यक्षांनी सेरेना विल्यम्सच्या काळ्या कॅटसूटसारखे कपडे यापुढे चालणार नाहीत असं सांगितलं होतं. बाळंतपणात रक्ताच्या गाठींनी जिवावर बेतलेल्या सेरेनाला तो सूट रक्ताभिसरणासाठी लागत होता. पुढच्या मोसमापासून महिला टेनिस संघटनेने स्कर्टशिवाय लेगिंग्ज घालायला मोकळीक दिली.

आयर्लंडचा स्कॉर्ट

कॅमोगी हा आयर्लंडचा बायकांचा खेळ. हातात काठी, जोराचा चेंडू, अंगावर धडाधड धडका. सराव शॉर्ट्समध्ये, पण सामन्याला स्कॉर्ट सक्तीचा होता, म्हणजे वरून स्कर्ट आणि आतून शॉर्ट्स. मे २०२५ मध्ये किलकेनी आणि डब्लिन हे दोन्ही संघ ठरवून शॉर्ट्समध्ये मैदानात आले. पंचांनी सांगितलं, बदला, नाहीतर सामना रद्द. मुली आत गेल्या, बदलून आल्या, खेळल्या, आणि त्यांचे फोटो देशभर गेले. त्याच महिन्यात संघटनेला खास अधिवेशन बोलवावं लागलं. ९८ टक्के मतं शॉर्ट्सच्या बाजूने पडली, नियम त्याच मध्यरात्रीपासून बदलला. जिला स्कॉर्ट आवडतो, ती आजही स्कॉर्टच घालू शकते.